बोहारीणकाकू

जुने कपडे द्यायचे आणि भांडी घ्यायची, हा बोहारणीशी करायचा व्यवहार सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या काकू तो उलटा करायच्या. त्या भांडी द्यायच्या आणि जुने कपडे घ्यायच्या. 'बर्तन लेलो' अशी हाक आली की इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या बाकीच्या बायका कपाटाकडे धावायच्या आणि काकू स्वयंपाकघराकडे. ओट्यावरचं एखादं स्टीलचं पातेलं पदराखाली धरून बाहेर यायच्या आणि बर्तनवालीच्या गाठोड्यापुढे फतकल मारून बसायच्या. गल्लीने त्यांचं नाव बोहारीणकाकू ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं, पण त्यांनी कधी मनावर घेतलं नाही.

मनावर घ्यायचे ते अप्पा. अप्पा म्हणजे काकूंचे यजमान, गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांना ताटात आधी शेव लागायची आणि मग बाकीचं जेवण. एकदा मी खाली गेले तर ते डबा शोधत होते.

"अहो, शेवेचा डबा कुठाय?"

"शेव वाटीत काढून ठेवली आहे ना."

"शेव नाही विचारली, डबा विचारला."

"डबा गेला," काकू शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या. "पण त्याचा पडदा येऊन राहिला आहे. बघा तर, किती मस्त प्रिंट आहे."

अप्पांनी पडद्याकडे पाहिलं, वाटीतली शेव तोंडात टाकली आणि पेपर उघडला. संसार असा चालायचा.

मी सांगलीची. विजय नगरातल्या एका ऑफिसात नोकरी लागली म्हणून इंदूरला आले आणि काकूंच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत भाड्याने राहू लागले. पहिल्या दिवशी बॅगा घेऊन दारात उभी राहिले तर काकूंनी नाव-गाव काही विचारलं नाही. माझ्या ओढणीचं टोक दोन बोटांत धरून चोळलं. "प्युअर कॉटन. ये ना अंदर, बाहेर काय उभी राहिली आहेस?" पॉलिएस्टर घालून गेले असते तर खोली मिळाली असती की नाही, मला आजही खात्री नाही. गावाचं नाव कळल्यापासून मला त्यांनी 'सांगली' अशीच हाक मारली. माझं खरं नाव त्यांना लग्नपत्रिकेवर कळलं असावं.

त्यांचं पायमशीन ओसरीवर खिडकीपाशी असायचं. त्यातून काय काय निघायचं! जीन्सच्या भाजीच्या पिशव्या, खिशांसकट. एका खिशात मिरच्या, दुसऱ्यात लिंबं. शाळेच्या गणवेशाच्या चौकटीच्या स्कर्टांची टेबलपुसणी. फाटक्या चादरींचे परकर. आणि शर्टांचे उशीचे अभ्रे, ही तर त्यांची खासियत. शर्टाची बटणपट्टी अभ्र्याच्या मागे घ्यायची, की नवी बटणं लावायला नकोत आणि काजंही करायला नकोत. खिसा मात्र उसवून पुढे लावायच्या. शेजारचे गुप्ताजी गप्पा मारायला आले की त्यांच्यासाठी ठरलेली उशी असे. ते टेकले की बोलता बोलता चष्मा काढून उशीच्या खिशात ठेवून द्यायचे. हात आपोआप तिकडे जायचा, कारण शर्ट मुळात त्यांचाच होता. हे त्यांच्या लक्षात यायला एक अख्खा उन्हाळा गेला. आलं तेव्हा ते इतके खूष झाले की घरी जाऊन दुसरा शर्ट घेऊन आले.

काकूंचा एकच नियम होता. कापड कोणाचं आहे ते कळल्याशिवाय त्याला कात्री लावायची नाही. गाठोड्यातला एकेक कपडा वर धरून त्या कमलाबाईला विचारायच्या, "ये किसका है? कौन सा घर?" कमलाबाई त्यांची नेहमीची बर्तनवाली, इंदूरजवळच्या बेटमा गावची, भल्या सकाळच्या बसने टोपली घेऊन यायची. पहिल्या पहिल्यांदा ती वैतागायची. "आंटीजी, कपड़ा लो, जनम-पत्री मत पूछो." पण काकू ऐकणार कुठल्या! मग तिनेही सवय लावून घेतली. हे कलेक्टर साहेबांच्या ड्रायव्हरकडचं, हे नवीन सुनेने रागात दिलेलं, हे म्हाताऱ्याचं, तो आता नाही. असं गेलेल्या माणसाचं कापड असलं की काकू ते निराळं धुवायच्या, गच्चीवर ऊन दाखवायच्या आणि कित्येक दिवस तसंच घडी करून ठेवायच्या. मी एकदा विचारलं, एवढी चौकशी कशाला? म्हणाल्या, "अगं, कोणाचं तरी अंग लागलेलं असतं. आपण मध्येच घुसून कापायचं म्हणजे नमस्कार-चमत्कार तर पाहिजे."

त्यांनी मला शिवण शिकवलं ते मी सुट्टीच्या दिवशी लोळत पडलेली त्यांना बघवायचं नाही म्हणून. पहिली शिकवणी कापड उजेडापुढे धरायची. जिथून उजेड जास्त येतो तिथे ते विरलेलं; ती जागा सोडायची आणि चांगली घ्यायची. मी पहिल्यांदा कात्री धरली आणि कापडाला लावता लावता दोनदा मागे घेतली. "इतकी काय घाबरून राहिली आहेस? कात्री आहे, नाग नाही," त्या म्हणाल्या. मी पिशवी शिवली. तिचे बंद कमी-जास्त झाले. काकू ती पिशवी मुद्दाम तिरक्या खांद्याला अडकवून गल्लीभर मिरवल्या.

घरातलं एक भांडं मात्र त्या कधी देत नसत. पितळेची परात. काठावर ठिपक्याठिपक्यांनी त्यांच्या आईचं नाव घातलेलं होतं. लग्नात आईने स्वतःच्या वापरातली काढून दिलेली. तळाला एक पोचा होता, तो त्यांच्याच लहानपणच्या कुठल्याशा प्रतापाचा. कमलाबाईचा त्या परातीवर केव्हापासून डोळा. "ये दे दो आंटीजी, पूरा गट्ठर छोड़ जाऊँगी." काकू एवढंच म्हणायच्या, "हात मत लगाना." अप्पा म्हणायचे, तेवढी एक वस्तू आहे म्हणून या घराला स्वयंपाकघर म्हणायचं.

पुढे माझं लग्न झालं. नवरा पुण्याचा, माझ्याच ऑफिसातला. आम्ही विजय नगरात फ्लॅट घेतला. त्याच वर्षी सांगलीला माझी आई गेली. तिच्या कपाटातून मी एकच साडी आणली, सुती इरकली, हिरवी, लाल काठाची. तिची रोजची. बाकीच्या चांगल्या साड्या वहिनीला राहिल्या. मला हीच हवी होती. अभ्र्यात गुंडाळून मी ती कपाटाच्या तळाशी ठेवली. कधी काढली नाही, नेसले नाही. ती तिथे आहे एवढं मला पुरत होतं.

मला दिवस गेल्याचं कळल्यावर काकू अप्पांना घेऊन आल्या. लाडू दिले, आणि लाडू खाऊन होण्याआधीच म्हणाल्या, "आता आईची ती साडी काढ. पहिलं दुपटं तिचंच. नव्या बाळाला नवं कापड बोचतं, आजीचं पाहिजे."

मी नाही म्हटलं. सरळच सांगितलं, की ती कापली तर माझ्यापाशी आईचं काहीच राहणार नाही. रडूही आलं. काकूंनी एरवी कोणाला सोडलं नसतं, पण या वेळी त्यांनी माझा हात धरला. "ठीक आहे बेटा. साडी तुझी, मर्जी तुझी. दुपटं मी गुप्ताजींच्या शर्टाचं करते." जाताना अप्पा हळूच काकूंना म्हणाले, त्याला खिसा नको ठेवू.

दिवाळीच्या आधी मी ऑफिसात असताना नवऱ्याने घर आवरायला काढलं. मला वाकायला नको म्हणून, बिचारा. संध्याकाळी मी आले तर स्वारी विजयी मुद्रेने उभी. हातात चकचकीत चाळणी. "बघ! त्या जुन्या कपड्यांच्या बोचक्याच्या बदल्यात बर्तनवालीने दिली. फुकट!"

मी कपाट उघडलं. तळाशी अभ्रा नव्हता.

त्या संध्याकाळी मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो चाळणी हातात धरून ऐकत होता. मग मी काकूंना फोन केला. मला धड बोलता येत नव्हतं.

"रडू नको. बाई कशी होती ते सांग," काकू म्हणाल्या. नवऱ्याने सांगितलं: उंच, नाकात मोठी फुली, हातभर काचेच्या बांगड्या. "आणि त्या बदल्यात काय दिलं तिने?" चाळणी, मी म्हटलं. काकू कडाडल्या, "इरकलीची एक चाळणी? पुण्याचा आहे ना तुझा नवरा? मग भाव का नाही केला?" मला त्याही स्थितीत हसू आलं.

काकूंच्या इतक्या वर्षांच्या 'किसका है, कौन सा घर' या छळाचा तेव्हा उपयोग झाला. कमलाबाईला वर्णनावरून लगेच कळलं, की ही आपली जाऊ रेशमबाई. विजय नगरचे फ्लॅट तिच्याकडे असतात. दुसऱ्या दिवशी काकू बसने बेटम्याला गेल्या. मला येऊ दिलं नाही, या अवस्थेत त्या रस्त्याने धक्के खायचे नाहीत म्हणून. दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. दिवेलागणीला फोन आला, "मिळाली. ये उद्या."

मी गेले तेव्हा काकू पोळ्यांची कणीक मळत होत्या. जेवायच्या ताटात. ताट ओट्यावर सरकत होतं, पीठ सांडत होतं आणि काकू त्याला दटावत होत्या. मी साडी छातीशी धरून उभी होते, म्हणून मला ते आधी दिसलंच नाही. मग दिसलं.

"परात कुठाय?"

"ठेवली असेल कुठे तरी," काकू म्हणाल्या.

"बेटम्याला गेली," अप्पा पेपराआडून म्हणाले. "त्या बाईने साडी स्वतःला नेसायला ठेवली होती. लाल पदर फार आवडला होता तिला. हिने स्टीलचा सगळा सेट पुढे केला, ती ऐकेना. मग हिने पिशवीतून परात काढली. म्हणजे घरून निघतानाच घेऊन गेली होती."

मी म्हटलं, "काकू, तुमच्या आईची होती ती."

"हो, मग?" त्या ताट सावरत म्हणाल्या. "आई काय परातीत बसली होती? कणीक मळायला तिने शिकवलं ते मी या ताटात पण करून राहिले आहे ना? बघ, जरा सांडतंय एवढंच." मग हात धुऊन आल्या, साडीची घडी उलगडली आणि खिडकीच्या उजेडापुढे धरली. कुठे बघायचं ते मला त्यांनीच शिकवलं होतं. मी इतकी जपून ठेवलेली साडी घडीघडीवर विरत चालली होती. नेसून नाही, नुसती ठेवून.

मी मशीनवरची कात्री मागितली.

"नक्की?" काकूंनी विचारलं. मी साडी पसरली. काठ त्यांनी धरला, कापलं मी. विरलेल्या घड्या सोडून चांगले तुकडे काढले, एकावर एक थर घातले आणि दोघींनी दोन्ही टोकांकडून टाके घालायला घेतले. आईची आठवण येऊन मी रडत होते आणि काकू माझे टाके वाकडे जातायत म्हणून ओरडत होत्या. इतकं चांगलं रडू मला आई गेल्यापासून आलं नव्हतं.

लेक त्या दुपट्यात वाढली. पुढे ते घरभर ओढत हिंडायची. ती शाळेत जायला लागली त्या सुमाराला काकू-अप्पा पुण्याला आपल्या मुलीकडे राहायला गेले. मुलीच्या फ्लॅटमध्ये पायमशीनला जागा नव्हती, म्हणून ते माझ्याकडे आलं. टेम्पोत चढवताना काकू ड्रायव्हरला सांगत होत्या, "भिया, जरा धीरे. मेरी सवत जा रही है." अप्पा लगेच म्हणाले की सवत गेली, आता भांडी तरी राहतील. कोणी रडलं नाही. टेम्पो वळला तेव्हा मात्र काकूंनी माझ्या ओढणीचं टोक दोन बोटांत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

माझ्या मनातून परात गेली नव्हती. मागच्या हिवाळ्यात आम्ही मांडूला निघालो होतो. वाटेत बेटमा आल्यावर मी नवऱ्याला गाडी थांबवायला लावली. विचारत विचारत रेशमबाईचं घर सापडलं. डिकीत मी नवी पितळेची परात आणि कुकर घेऊन आले होते. रेशमबाई अंगणात चुलीपाशी बसून कणीक मळत होती. परातीच्या काठावरचं नाव पीठ लागून अर्धवट दिसत होतं आणि पोचा जागच्या जागी होता.

मी माझी भांडी पुढे मांडली. तिने ती नीट पाहिली, वाजवून पाहिली आणि मान हलवली.

"नी दूँगी, दीदी. आंटीजी बोल के गई थीं, ऊपर टांड पे मत सजाना, रोज आटा लगाना. मैं रोज लगाती हूँ."

तिने आम्हाला त्याच परातीतल्या कणकेच्या गरम पोळ्या आणि लसणाची चटणी वाढली. लेकीने मागून मागून खाल्ल्या. निघताना मी कुकर तिथेच ठेवला, त्याबदल्यात तिने गाठोड्यातून दोन सुती साड्या दिल्या. मी विचारलं, "किसकी है?" नवरा गाडीत डोक्याला हात लावून बसला होता.

गाडीतूनच मी पुण्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. काकू पहिल्यांदाच मध्ये न बोलता ऐकत राहिल्या.

"आणि दुपटं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"विरलं, काकू. त्याची लेकीच्या बाहुलीला गोधडी केली. उरलं त्याचं पुसणं."

"आईच्या साडीचं पुसणं केलंस?"

"केलं."

"आणि काठ?"

"काठ ठेवलाय. पुढच्या कशाला तरी लावीन."

"शाब्बास, सांगली," त्या म्हणाल्या. मग फोन हातातच ठेवून त्यांनी अप्पांना मोठ्यांदा हाक मारलेली मला ऐकू आली. "अहो, ऐकलं का? आईची परात अजून कामावर आहे!"