आत्याच्या मांजराने उघडलेला कॅल्क्युलेटर

काम जमायला लागलं की तिच्या नाकातून एक सूर निघायचा आणि काम अडलं की तो बंद पडायचा, म्हणून ऑफिसात तिला सगळे गुणगुणीच म्हणत. साहेबसुद्धा तिच्या टेबलापाशी आले की आधी कान द्यायचे आणि मगच काम विचारायचं की नाही ते ठरवायचे.

फोन जोडा, फोटो निवडा, छापून घ्या, अशी जी मशीनं फोटोच्या दुकानांत असतात त्यांचं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवायची. गुणगुणी तिथली जुनी प्रोग्रॅमर.

एका दुपारी तिच्या आत्याचा फोन आला. आत्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. ती तणतणत होती, कारण तिच्या मांजराचा फोटो छापायला घेतला की दुकानातलं मशीन बंद पडत होतं आणि दुकानदार तिच्या हातालाच दोष देत होता. गुणगुणी तशीच उठून दुकानात गेली. पाहते तर फोटोखालच्या ओळीत आत्याने मांजराचं अख्खं चरित्र लिहिलेलं: ते कुठे सापडलं, कोणाकोणाला बोचकारलं, डॉक्टर काय म्हणाले, आणि डॉक्टरांना त्यातलं काय कळतं. गुणगुणीने ते सगळं पुसून नुसतं ‘मांजर’ लिहिलं. फोटो झटकन छापून आला. चरित्र परत घातलं, मशीनने मान टाकली. भर दुकानात तिचं गुणगुणणं सुरू झालं.

ऑफिसात येऊन तिने शोध घेतला. कंपनीचं स्वतःचं काम स्वच्छ होतं. फोटो उघडण्याचा भाग मात्र बाहेरून तयार आणलेला, कोणीतरी फार पूर्वी लिहून सगळ्यांना फुकट देऊन टाकलेला. फोटोखालच्या मजकुरासाठी तो मेमरीत छोटीशी जागा राखायचा आणि येईल तेवढं न मोजता ओतत सुटायचा. आत्याचं लिखाण काठावरून सांडून शेजारच्या जागेत शिरत होतं, आणि प्रोग्रॅमने पुढे कुठे जायचं हे नेमकं त्या शेजारीच नोंदलेलं असायचं. आत्याच्या हातून त्या नोंदीचा चुथडा झाला, म्हणून मशीन कोसळलं. पण कोणी मुद्दाम, बेतून लिहिलं तर?

ते ‘तर’ तिला स्वस्थ बसू देईना. फोटोखालच्या ओळीतली अक्षरं जुळवत, मोडत, पुन्हा जुळवत एका सकाळी तिने मांजराचा फोटो ऑफिसातल्या चाचणीच्या मशीनला दिला, आणि पडद्यावर आपोआप कॅल्क्युलेटर उघडला. म्हणजे फोटोखालच्या ओळीतून मशीनला हवं ते करायला लावता येत होतं. तिने तोंडावर हात दाबला. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा उघडला. मग ती साहेबांना जवळजवळ ओढतच घेऊन आली.

“मांजराने कॅल्क्युलेटर उघडला?” साहेब म्हणाले.

“हो. उद्या दुसऱ्या कोणाचं मांजर दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांचे फोटो पळवेल.”

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. पण पडद्यावर मांजर आणि त्याच्या मिशांवर कॅल्क्युलेटर, हे पाहून त्यांना हसूही आवरेना. घाबरत आणि हसत अख्खं ऑफिस मशीनभोवती जमलं, आणि जो येईल तो म्हणे, एकदा मलाही दाखव.

तो भाग लिहिणाऱ्याला गुपचूप कळवलं. त्याचा फोन आला तेव्हा मागे पाण्याचे धबाधब आवाज येत होते. तो आता पोहायला शिकवत होता. कॉलेजच्या सुट्टीत लिहिलेलं ते काम इतक्या ठिकाणी पोचल्याचं त्यालाच नीट ठाऊक नव्हतं. कोणाचं नुकसान झालं का, हे त्याने सर्वांत आधी विचारलं. अजून तरी नाही, हे ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला. मग गुणगुणीने मांजराचं चरित्र वाचून दाखवलं. तो इतका हसला की ओठांतली शिट्टी वाजली आणि सगळे विद्यार्थी पाण्याबाहेर आले.

दुरुस्ती चार-दोन ओळींचीच: आधी मोज, मग ओत. पण ती सगळीकडे पोचेपर्यंत बोभाटा व्हायला नको होता. गुणगुणीने आत्याला बजावलं, कुणाजवळ बोलायचं नाही.

“मी कधी बोलते?” आत्या म्हणाली.

आणि खरंच बोलली नाही. पोटात मावेनासं झालं की गुणगुणीलाच फोन करून सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायची, आणि गुणगुणीही नवं ऐकल्यासारखी “मग?” म्हणायची.

दुरुस्ती जाहीर झाली, दुकानादुकानांतल्या मशीनांत ती बसली. दुरुस्तीसोबत छापलेल्या आभारात गुणगुणीचं नाव होतं आणि खाली ‘व त्यांच्या आत्या’. त्या दिवशी आत्याला धरबंद राहिला नाही. गल्ली ऐकून दमली.

काही दिवसांनी पोहायला शिकवणारे ते मास्तर पुन्हा फोनवर आले. “फोटो उघडण्याचा तो भाग एकट्याने सांभाळणं आता होत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही याल का सोबतीला?”

काम किती, वेळ किती, काहीही न विचारता ती हो म्हणून बसली. मग खुर्चीत थांबणं शक्यच नव्हतं. दोन-दोन पायऱ्या उड्या मारत ती खाली आली आणि समोर जो पहिला माणूस दिसला त्याला सगळं सांगत सुटली. तो लिफ्ट दुरुस्त करायला आला होता. त्याला ओ की ठो कळलं नाही, पण त्याने तेलकट हातमोजा काढला आणि तिचा हात हातात घेऊन मनापासून अभिनंदन केलं.