मूठभर दुधाळ्या

आमच्या गावात दोन बायांच्या जिभा नावाजलेल्या होत्या. एक माझी, दुसरी भिंतीपलीकडच्या वच्छलामावशीची. माझ्या जिभेनं किती घरांत भांडणं लावली ते सांगत नाही, कारण त्यातल्या दोघी अजून धडधाकट आहेत आणि त्यांच्या नाती वाचायला शिकल्या आहेत. मावशीच्या जिभेनं मात्र अख्खं गाव राखलं.

गाव म्हणजे धाडच्या बाजारापासून दोन कोसांवर, डोंगराला पाठ लावून बसलेलं. तेव्हा महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आमचा जिल्हा आधी नागपूरच्या कारभारात, मग मुंबईच्या, मग हे नवं राज्य. पण डोंगरातल्या सात्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं. श्रावणात दोन दिवस झड लागली आणि तिसऱ्या दिवशी दमट ऊन पडलं, की त्या पालापाचोळा सारून वर यायच्या. सात्या म्हणजे रानातल्या छत्र्या. शिकलेले लोक अळंबी म्हणतात. भाजी तीच, फक्त नाव धुतलेलं.

त्या सगळ्यांत राणी म्हणजे दुधाळी. विटकरी रंगाची, मधोमध खळगा पडलेली, जाड देठाची. मोडली की खडूसारखी कटकन तुटते आणि तुटल्या जागी पांढऱ्या दुधाचे थेंब उभे राहतात. तिला सुकटीसारखा वास येतो. त्यामुळे माळकरी माणसं तिला हातही लावत नसत. मावशीचे यजमान, निवृत्तीबुवा, चुलीवर दुधाळी चढली की पाट उचलून ओसरीवर जायचे आणि म्हणायचे, "म्हातारे, हे दूध देऊन राह्यली का सुकट?"

पंचाईत अशी, की दुधाळीला एक जुळी बहीण आहे. तोच रंग, तोच खळगा, तसंच दूध. पण तिचं दूध जिभेला लागलं की मिरचीसारखं झोंबतं, आणि भाजी करून खाल्ली तर माणूस रात्रभर पोट धरून बसतो. डोळ्यांनी दोघी वेगळ्या ओळखणारं माणूस मी अजून पाहिलं नाही. वासानं आणि जिभेनंच ओळखायचं. मोडायचं, हुंगायचं, दुधाचा थेंब जिभेच्या टोकाला लावायचा, वीस आकडे मोजायचे, थुंकायचं, चूळ भरायची. हे काम मावशीचं. तिच्या दारात टोपलं नेल्याशिवाय गावात कुणी दुधाळी चुलीवर चढवत नसे. नवी सून आली की सासू तिला आधी विहीर दाखवायची, मग मावशीचं दार.

एका उन्हाळ्यात मावशीला मुदतीचा ताप आला. महिनाभर अंथरुणात होती. उठली तेव्हा निम्मी झाली होती, पण श्रावणात पुन्हा दारात बसली. मात्र एक फरक पडला. पूर्वी ती तिथल्या तिथे सांगायची, "ने, कर भाजी," किंवा "फेक उकिरड्यावर." आता टोपल्यातून मूठभर दुधाळ्या काढून घ्यायची आणि म्हणायची, "सकाळी सांगीन."

सकाळपर्यंत सात्या काळवंडतात, मऊ पडतात. बाया कुरकुरू लागल्या. मग मी माझं काम केलं. विहिरीवर घागर लावता लावता म्हणाले, "काऊन वं, समजलं नाही का? बुवा सात्या खात नाहीत. मग एवढ्या मुठी जातात कुठं? मावशीले ताप उतरल्यापासून भूक लई लागून राह्यली."

हसल्या सगळ्या. मला तेवढंच पाहिजे होतं. मग मी रोज थोडं थोडं वाढवत नेलं. मावशीच्या घरी आमटी कधी खारट तर कधी अळणी होते, मावशी लाल ठेचा भाकरीवर लोण्यासारखा फासून खाते आणि पाण्याला हात लावत नाही. दोनदा ती विहिरीवर आली नाही. पाठ धरली म्हणून बुवांनी निरोप धाडला. मी म्हणाले, "पाठ नव्हं, पोट धरलं असंन. मुठी जास्त झाल्या." त्या दोन्ही दिवशी तिनं आदल्या दिवशीची टोपली उकिरड्यावर टाकायला लावली होती. हे मला तेव्हा दिसत होतं, पण जोडता आलं नव्हतं. जोडायची इच्छा नव्हती म्हणा.

असे दोन श्रावण गेले. तिसऱ्या श्रावणात उत्तमरावांच्या घरी पाव्हणे आले. उत्तमराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी, आणि त्यांच्या मुलीला बघायला देऊळगाव राजाहून माणसं आली होती. सकाळच्या गाडीनं उतरले, दुपारचं जेवण करून चारच्या गाडीनं परत. त्यातले मुलाचे वडील चहा पितापिताच म्हणाले, "तुमच्या डोंगराची दुधाळी लई ऐकली आहे हो." झालं! उत्तमरावांनी दोन गडी डोंगरावर पिटाळले. टोपलंभर दुधाळ्या आल्या, आणि केसरबाई, उत्तमरावांची बायको, टोपलं कडेवर घेऊन मावशीच्या दारात आली. मागोमाग चार-पाच बाया, तमाशा बघायला. मी तर घरचीच. भिंतीवर कोपर टेकवून उभी.

"वच्छलाबाई, पटकन पाहून द्या. फोडणी तयार आहे."

मावशीनं एक मोडली. दूध भराभर आलं. तिनं टोपल्यात हात घालून मूठ भरली. "सकाळी सांगीन."

"सकाळी? पाव्हणे चारच्या गाडीले चालले! सकाळी काय मी एकलीच खाऊ?"

"मंग दुसरं काही कर. आज नोको."

"काऊन नोको? दूध तर आलं. तुमाले काय, एक थेंब जिभेले लावायचा आहे!"

मला राहवलं नाही. "केसरकाकू, एक मूठ आणखी काढून द्या. तवा कुठं मावशीचं तोंड उघडंन."

बाया खिदळल्या. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. दमलेलं माणूस डोक्यावरची पाटी उतरवायला हात देणाऱ्याकडे पाहतं तसं. मग तिनं मोडलेल्या दुधाळीचं दूध जिभेला लावलं आणि डोळे मिटले. वीस आकडे झाले, चाळीस झाले असतील. हसणं आपोआप थांबलं. ती "ने" म्हणाली असती तर कुणी विचारलं नसतं. "फेक" म्हणाली असती तरी नसतं. दोन्हीत तिचा मान शाबूत राहिला असता.

तिनं डोळे उघडले. "मले काही लागत नाही, केसरबाई. तापानं जीभ नेली. नाकही गेलं. मीठ समजत नाही, मिरची समजत नाही. दोन वर्सं झाली."

केसरबाईचा हात टोपल्यावरून खाली आला. "अवं माय! मंग दोन वर्सं आमाले काय खाऊ घातलं?"

"मी खाल्लेलं. मूठभर घ्यायची, रातच्याले भाजी करून खायाची. जे माह्या पोटानं सकाळपावतर सांभाळलं, तेच तुमाले कर म्हटलं."

 विहिरीवर न आलेल्या तिच्या त्या दोन सकाळी एकदम माझ्यासमोर उभ्या राहिल्या. भिंतीआड सरकावं म्हणून मी कोपर उचललं, तेवढ्यात मावशी म्हणाली, "सिंधे, कुठं चालली? इकडं ये. जीभ काढ."

"मी?"

"मंग कोन? साऱ्या गावात तुह्याइतकी चालती जीभ कोनाची आहे?"

पुन्हा हसू फुटलं, या वेळी माझ्यावर. मी फाटकातून आत गेले, तिच्यासमोर उकिडवी बसले. तिनं नवी दुधाळी मोडून माझ्या जिभेच्या टोकाला टेकवली आणि आकडे मोजू लागली. पाचपर्यंत काही नाही. आठला टोचलं. बाराला मी उठून नाचायलाच लागले. जिभेवर कुणी निखारा ठेवलाय असं वाटलं. चूळ भरता भरता अर्धी घागर संपली. "फेक," मावशी केसरबाईला म्हणाली, "सारं टोपलं फेक."

पाव्हण्यांनी बेसन-भाकर खाल्ली, दोनदा मागून घेतली, आणि सोयरीक जमली. सात्या अजून उगवल्या नाहीत असं उत्तमरावांनी त्यांना सांगितलं म्हणे.

पण मावशीचं दार ओस पडलं. पंधरवडाभर एक टोपलं आलं नाही. लोक रागावले नव्हते, घाबरले होते. डोंगर दुधाळ्यांनी भरला होता आणि गावात वांग्याची भाजी शिजत होती. मावशी मात्र रोज न्याहारी करून दारात बसायची, बाजूला पाण्याचा तांब्या भरून. बुवा आतून म्हणायचे, "आता कोन येते? आत ये." ती हलायची नाही. मी भिंतीवरून पाहायचे आणि पहिल्यांदाच मला बोलायला काही सुचायचं नाही.

सोळाव्या दिवशी मी स्वतः पहाटेच डोंगरावर गेले, पदर फाटेपर्यंत हिंडले, टोपलं भरलं आणि भर सकाळी, विहिरीवर गर्दी असताना, ते डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या समोरून मावशीच्या दारात नेलं.

"मावशी, तू मोड. मी चाखते."

तिनं टोपल्यात हात घातला. त्या दिवशी एकसुद्धा झोंबली नाही. तरी तिनं हट्टानं बत्तीसच्या बत्तीस माझ्या जिभेला लावल्या. तिसरी आणि सतरावी तिनं बाजूला काढली. दूध गोड, मग का? "देठात कीड आहे, डोळे नाही का तुले?" दुपारी आमच्या घरी भाजी झाली. संध्याकाळी मी विहिरीवर जिवंत दिसले, आणि दुसऱ्या दिवशी केसरबाई टोपलं घेऊन मावशीच्या दारात. माझ्या नव्हे. मी तिथे बोलावलेली.

मग सात-आठ श्रावण आम्ही दोघी तिथे बसलो. डोंगरावर चढणं तिला जमेना तेव्हाही बसलो. ती मोडायची, दूध कसं येतं ते पाहायची, आणि मी थेंब जिभेवर घेतला की सात्या सोडून माझं तोंड निरखत बसायची.

"कशी लागली?"

"चांगली आहे. झोंबत नाही."

"ते समजलं वं. लागते कशी, ते सांग."

"ओल्या भुईमुगासारखी."

"हट्! भुईमुगासारखी कशी लागंन? कवळ्या काकडीच्या देठाकडचा तुकडा खाऊन पाह्य, तशी लागते ते. घे, परत चाख."

मी परत चाखायचे. आणि खरंच, अगदी तशीच लागायची.