भावाने केलेला रस्ता

आई-वडील गेल्यावर बाईचं माहेर म्हणजे भाऊ. तो बोलावतो तोवर माहेर, नाहीतर ते नुसतं एक गाव. म्हणून अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची आखाजी, जवळ आली की शहाद्याच्या शाळेत वर्गावर असतानाही माझा जीव फोनमध्ये अडकलेला असायचा. आखाजीला लेकीला घेऊन जायला माहेराहून जो येतो त्याला आम्ही मुऱ्हाळी म्हणतो. माझा धाकटा भाऊ दरवर्षी मुऱ्हाळी होऊन यायचा. आधी मोटरसायकलवर यायचा, ठेकेदारी चालायला लागल्यावर मोठ्या गाडीतून यायला लागला. शेजारणींनी बघावं म्हणून मी मुद्दाम त्याला दारातच दोन मिनिटं उभं करायची.

त्या वर्षी फक्त फोन आला. "ताई, यंदा मी लेवाले येवाव नही. तू तुन्ही गाडी लई ये. आपला गावना रस्ता ते मीच करेल शे, मक्खन शे मक्खन!"

वाईट वाटलं, पण अभिमान त्याहून मोठा होता. ठेकेदाराचं नाव निघालं की लोक डांबर कोणी खाल्लं तेच विचारतात. शाळेत आमच्या गावाजवळच्या कोरीट गावच्या एक बाई आहेत. त्या एकदा म्हणाल्या, "तुमच्या गावाचा रस्ता एका पावसाळ्यात उखडला म्हणे." मी त्यांच्यावर अशी तुटून पडले की त्या डबा उघडा टाकून उठल्या. माझ्या भावाबद्दल बोलायची त्यांची काय छाती!

आखाजीच्या सकाळी नवी साडी नेसून निघाले. पुढे एका फाट्यावर गावाकडे जाणारे दोन रस्ते फुटतात. एक जवळचा, भावाने केलेला. दुसरा फिरून, वहिनीच्या माहेरावरून जाणारा. चहाच्या टपरीवर माणसं बसलेली होती; कोणता रस्ता धरू असं कोणालाही विचारलं असतं तर त्याने हात करून दाखवलं असतं. पण सख्ख्या भावाने केलेल्या रस्त्याबद्दल परक्याला काय विचारायचं? मी जवळच्या रस्त्याला लागले.

सुरुवातीचा तुकडा बरा होता. पुढे वळणावर केळीचा ट्रक समोरून आला, म्हणून गाडी डावीकडे घेतली. तिथे खड्ड्यात मुरूम टाकून वरून काळं फासलेलं होतं. लांबून सपाट दिसत होतं. पुढचं चाक आत गेलं आणि असा दणका बसला की माझे दात एकमेकांवर आपटले. उतरून पाहिलं तर रिम एका बाजूने चेपून आत गेलेली आणि टायर जमिनीला टेकलेलं. खड्ड्याच्या काठाशी वाकून मी डांबराला नख लावलं. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा तो थर हातात आला. खाली खडी नव्हतीच, नुसती माती होती.

ट्रकवाल्याने थांबून स्टेपनी चढवून दिली. हळूहळू गाडी नेत पंक्चरच्या दुकानाशी आले, म्हटलं निदान हवा बघून घ्यावी. दुकानदार पांढऱ्या दाढीचे चाचा. आत भिंतीला टेकून वाकड्या रिमा ओळीने उभ्या होत्या. माझं चाक पाहून ते हसले. "बहनजी, इस रोड की मेहेरबानी है. पहले इधर हम मक्खियाँ मारते थे." रिम ठोकून सरळ होईल, पण टायरच्या पोटात फुगा आलाय, ते टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "जाना कहाँ है?" मी म्हटलं, "भाई के घर." भाऊ कोण ते सांगायला जीभ उचलली नाही.

तरीही घरापर्यंत मी त्याची बाजू घेत होते. वरच्या साहेबांनी खाल्लं असेल. मजुरांनी फसवलं असेल. याला काय ठाऊक?

गाडी दारात लागली. भाऊ हसत पुढे आला, पुढच्या चाकाला वेगळी रिम पाहिली, आणि माझं नीट उतरणं व्हायच्या आत बोलून गेला, "ताई, तू ह्या रस्तावरथून काबरं उनी? आठथून आम्हे कोनीच येत नही!"

म्हणजे या रस्त्याने ते स्वतः कोणीच येत नव्हते! मी एक पाय बाहेर ठेवून तशीच बसून राहिले. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळता ओवाळता तिने भोळेपणाने उरलंसुरलं सांगून टाकलं. "मन्हा माहेरना रस्तावरथून येवानं ना ताई. तोबी यासनीच करेल शे. पोटमानं पानीबी हालत नही."

भावाने तिच्याकडे रागाने पाहिलं. मग मला कळलं, दोन्ही रस्ते त्यानेच केलेले, आणि कोणता कसा आहे ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

सणाच्या दिवशी बहीण उपाशी गेली तर भावाच्या घराला लागतं, म्हणून जेवले. खापरावरची पुरणपोळी होती, आमरस होता. एक घास गोड लागेल तर शपथ. वहिनी आत गेली तेव्हा मी त्याला विचारलं, "साऱ्या गावाला ठाऊक, फक्त मला का नाही सांगितलंस? फोनवर एवढंच म्हणायचं होतंस की फिरून ये."

तो ताटात बोट फिरवत राहिला. "तुले सांगतू ते तुन्हा नजरमान उतरी जातू."

म्हणजे मी खड्ड्यात गेले तरी चालेल, त्याची मान वर राहिली पाहिजे. मला इतका संताप आला की हात धुवायला उठले ती पुन्हा पाटावर बसलेच नाही.

निघताना म्हणाला, मी पुढे गाडी काढतो, तू मागोमाग ये. वहिनीच्या माहेरच्या रस्त्याने नेलं त्याने मला. काय रस्ता होता! काठाला दोन्हीकडे मुरमाची पक्की पट्टी, ओढ्यावर मोरी, वळणावर पांढरे दगड. उसाच्या ट्रॉल्या जाऊनही कुठे भेग नव्हती. त्याला चांगला रस्ता करता येत नाही असं असतं, तर मी भांडून मोकळी झाले असते. पण त्याला येत होता. बायकोच्या माहेराला त्याने तो केला होता, आणि बहिणीच्या माहेराला माती पसरली होती.

फाट्यावर त्याने गाडी थांबवली आणि माझ्या खिडकीशी आला. दुपारचं सगळं विसरला होता की काय, चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणारं हसू होतं. "एकबी धक्का लागना का ताई?"

"नाही," मी म्हटलं, आणि काच वर केली. आई गेली, पाठोपाठ वडील गेले, तेव्हाही माहेर संपलं असं मला वाटलं नव्हतं. त्या गुळगुळीत रस्त्यावर ते वाटलं.