न विचारता सरळ केलेले केस

विभा मूळची सांगलीची. सहा भावंडांत कुरळे केस तिचे एकटीचेच, आणि तेही नुसते लाटांचे नव्हेत. कंगवा घातला की अर्ध्यावर अडकायचा आणि हवा दमट झाली की सगळे डोक्याभोवती उभे राहायचे. शाळेत मुली तिला सुगरणीचं घरटं म्हणायच्या. आई दर रविवारी खोबरेल तेल थापून दोन करकचून वेण्या घालायची, त्या सोमवारी दुपारपर्यंत टिकायच्या.

पंच्याऐंशी साली पुण्याच्या सरोजिनीमावशीने नंदकिशोरचं स्थळ आणलं. मुलगा कॉम्प्युटर इंजिनियर, शांत, निर्व्यसनी. बघायला यायच्या आदल्या दिवशी मावशी विभाला पार्लरमध्ये घेऊन गेली आणि तापलेल्या चिमट्याने सगळे केस सरळ करून आणले. विभा काकुळतीने म्हणाली की हे खोटं आहे. मावशी म्हणाली, लग्नानंतर कोण केस बघत बसतंय. लग्नाच्या आदल्या दिवशीही पुन्हा तेच झालं.

लग्नानंतर आठव्या दिवशी विभा डोक्यावरून न्हाऊन बाहेर आली तेव्हा तिने स्वतःच नंदकिशोरला सगळं सांगून टाकलं. तो हसला. "मी काय केसांशी लग्न केलंय का?" म्हणाला. त्या एका वाक्यावर विभाने त्याच्यावर जीव टाकला. आपल्याला माणूस चांगला मिळाला, असं ती पुढे कितीतरी वर्षं मनात म्हणत राहिली.

नव्वद साली नंदकिशोरला टोकियोतल्या एका बँकेच्या कामावर पाठवलं गेलं. ग्योतोकुला स्टेशनपासून दहा मिनिटांवर दोन खोल्यांचं घर मिळालं. मुलगी नेत्रा तेव्हा तीन वर्षांची होती, केस आईचेच घेऊन आलेली. इथे आल्यावर विभाच्या एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच लक्षात आली. ट्रेनमध्ये, दुकानात, बालवाडीच्या दारात, जिकडे बघावं तिकडे काळेभोर, सरळ, पाण्यासारखे केस. तिच्या डोक्याकडे लोक बघायचे आणि बघितलं नाही असं दाखवायचे. नंदकिशोरच म्हणाला, इथे सलूनमध्ये औषध लावून केस सरळ करून देतात, तीन-चार महिने टिकतात, करून बघ. विभाने केलं. मग दर चार महिन्यांनी करत राहिली. औषधाचा वास दोन दिवस उशीला यायचा.

पाच वर्षं असं चाललं. पंच्याण्णवच्या जानेवारीत सलूनमधल्या नव्या मुलीने औषध जास्त वेळ ठेवलं. टाळूची आग झाली, विभाला जपानीत नीट सांगता येईना, आणि सांगेपर्यंत कानामागे फोड उठले होते. पुढचा आठवडाभर उशीवर केसांचे पुंजके पडत होते. त्वचेच्या डॉक्टरांनी औषध कायमचं बंद करायला सांगितलं. आणि त्याच आठवड्यात आठ वर्षांची नेत्रा शाळेतून येऊन म्हणाली, "आई, मला पण तुझ्यासारखे सरळ करून दे ना."

विभा त्या बोलण्याने हादरली. टाळूला मलम लावलेल्या बाईला तिची लेक हेच मागत होती. दुसऱ्याच दिवशी तिने बाथरूममध्ये उभं राहून सरळ झालेला सगळा भाग कात्रीने उतरवला. बोटभर उरले, आणि पुढे वाढतील ते तिचे स्वतःचे. नेत्रासमोर बसून ती म्हणाली, "आता आपण दोघी सारख्या."

केस आपले होते, पण त्यांचं करायचं काय हे तिला ठाऊक नव्हतं. सांगलीत असताना तेल आणि वेणी एवढंच माहीत. आता आखूड केस कोरडे, भुरभुरीत, हात लावला की मोडणारे. ओकाचिमाचीच्या भारतीय दुकानातून तिने खोबरेल तेल आणलं. फेब्रुवारीच्या थंडीत ते बाटलीत दगडासारखं गोठलं, आणि वितळवून लावलं तर केस वरून चिकट आणि आतून तसेच कोरडे. मग औषधांच्या दुकानातून फेस येणारा मूस आणला. त्याने केस पापडासारखे कडक झाले.

दुकानात बाटल्यांची सबंध भिंत होती. शब्दकोश हातात घेऊन ती एकेक लेबल वाचायची. बहुतेकांवर 'सारासारा' लिहिलेलं, म्हणजे सुळसुळीत, मोकळे. थोड्या बाटल्या खालच्या फळीवर होत्या, त्यांवर 'शित्तोरी', म्हणजे ओलसर, मऊ. आतापर्यंत आपण सारासाराच उचलत आलो, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. केसांना हवा होता ओलावा, आणि ती वर्षानुवर्षं ओलावा काढून टाकणारंच घेत होती.

तिने एक वही केली. डोक्याचे चार भाग केले आणि प्रत्येक भागाला वेगळं काही लावून बघायची. डाव्या कानामागे ग्लिसरीन आणि पाणी, उजवीकडे शित्तोरी क्रीम, मागे नुसतं तेल, पुढे काहीच नाही. जुलैच्या दमट हवेत ग्लिसरीनने केस असे सुंदर वळले की तिने वहीत दोन रेघा ओढल्या. डिसेंबरच्या कोरड्या हवेत त्याच ग्लिसरीनने केसांचा झाडू केला. तेव्हा तिने लिहिलं : थंडीत ग्लिसरीन नको, हवाच कोरडी असेल तर ते उलट केसांतलं पाणी ओढतं.

कोपऱ्यावर ओकामोतो-सान नावाच्या सत्तरीच्या बाईंचं कंगवे, पिना आणि तेलाचं छोटं दुकान होतं. त्यांनी विभाला त्सुबाकीचं तेल दिलं, कॅमेलियाच्या बियांचं, आणि हाताने करून दाखवलं : केस निथळत असताना तीन थेंब तळहातावर चोळायचे आणि खालून वर दाबायचे. वाळल्यावर लावू नको, आत पाणी असेल तरच तेल ते धरून ठेवेल, असं त्या म्हणाल्या. जवसाचं मात्र विभाला स्वतःलाच सुचलं. चटणीसाठी आणलेले जवस उकळत ठेवले आणि विसरली, तर बुळबुळीत पाणी झालं. ते फडक्यातून गाळून केसांना लावलं. वाळल्यावर प्रत्येक बट वेगळी, मऊ, हातात घ्यावीशी.

रविवार दुपार मग त्या दोघींची झाली. नेत्रा स्टुलावर बसायची, विभा आधी पाण्याचा फवारा, मग शित्तोरी क्रीम, मग जवस, शेवटी तीन थेंब तेल लावायची. नेत्रा फारसं बोलायची नाही. कसं वाटतंय विचारलं तर "बेत्सुनि" म्हणायची, म्हणजे विशेष काही नाही. विभाला ते मुलीचं वयच वाटलं. नंदकिशोर पेपर वाचत असायचा. त्याने एकदाही नाव ठेवलं नाही. तिने केस कापल्यानंतरच्या पहिल्याच एप्रिलमध्ये ऑफिसच्या हानामीला, फुलांच्या झाडांखालच्या सहलीला, यंदा घरच्यांना बोलावलेलं नाही असं त्याने सांगितलं, तेही तिने खरं धरलं.

शहाण्णवच्या मार्च अखेरीस सांगलीहून फोन आला. वडिलांची बायपास पुण्यात ठरली होती. नेत्राची सुट्टी जेमतेम दोन आठवड्यांची, पुढे नवी इयत्ता सुरू व्हायची, म्हणून विभा एकटीच निघाली. जाताना तिने फ्रीजवर कागद लावला, बाटल्यांना एक ते चार आकडे घातले, जवसाचं पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलं. नंदकिशोरने सगळं नीट ऐकून घेतलं.

तीन आठवडे ती पुण्याच्या हॉस्पिटलात होती. दर रविवारी खाली जाऊन बूथवरून फोन करायची. केसांचं केलं का, विचारायची. "केलं, केलं," नंदकिशोर म्हणायचा. मग नेत्रा फोनवर यायची. सगळ्या बाटल्या लावल्या का, असं विचारलं की "हाय" म्हणायची. हो. तिन्ही रविवारी तेच. वडिलांच्या छातीवरचे टाके बघून जीव थोडाथोडा झालेला असताना, तिकडे माझी माणसं सांभाळून घेताहेत एवढाच विभाला आधार होता.

नारिताला ती बाहेर आली तेव्हा समोर नंदकिशोर दिसला. त्याच्या शेजारी कोणाची तरी मुलगी उभी होती, खांद्यापर्यंत सरळ केस, कपाळावर कापलेली झालर. विभाची नजर तिच्यावरून पुढे गेली, नेत्राला शोधत. मग त्या मुलीने हळूच हात वर केला.

आपण आपल्याच मुलीला ओळखलं नाही, हे विभा पुढे कधी विसरली नाही.

घरी आल्यावर तिने फ्रीज उघडला. जवसाचे तुकडे ट्रेमध्ये जसेच्या तसे होते. क्रीमची बाटली ती ठेवून गेली तेवढीच भरलेली. फ्रीजच्या दारावर तिच्या कागदावर एक फोटो चिकटवला होता : हानामी, निळी ताडपत्री, नंदकिशोरच्या ऑफिसची माणसं, त्यांच्या बायका, मुलं. मधोमध सरळ केसांची नेत्रा.

"घरच्यांना बोलावतात तर," विभा म्हणाली.

नंदकिशोर खुर्चीत बसला. शाळेतल्या बाईंनी नेत्राचे केस विस्कटलेले दिसतात असं दोनदा लिहून पाठवलं, मुलगी रडत घरी आली, मी काय करायला हवं होतं, असं त्याने सांगितलं. कुठे नेलंत, असं विभाने विचारलं नाही, कारण तिला वासावरून कळलं होतं. तरी तिला ते ऐकायचं होतं.

"त्याच सलूनमध्ये?"

"त्यांनी हलकं औषध वापरलं. लहान मुलांचं. मी शेजारी बसून होतो."

"माझे फोड तुम्ही बघितले होते."

"विभा, मुलीला शाळेत रोज जायचंय. तुझं हे वही-बिही ठीक आहे, पण तिला प्रयोगाचं..."

"मग फोनवर तसं सांगायचं होतं. मी हॉस्पिटलच्या पायरीवर उभी राहून विचारत होते."

मग तो जे बोलला ते त्याने कदाचित ठरवलंही नसेल. "फोनचं काय घेऊन बसलीस. मी तुला बघायला आलो तेव्हा तुझे केस खरे होते का?"

विभाने मनात मोजलं. अकरा वर्षं. आठव्या दिवशीचं ते हसणं, मी काय केसांशी लग्न केलंय का, ज्यावर तिने जीव टाकला होता, ते त्याने नुसतं तोंडावर आणलं होतं. आत त्याने हिशेब ठेवला होता. सलूनचा पत्ता त्यानेच दिला, हानामीचं खोटं त्यानेच सांगितलं, आणि आता मुलीलाही तिथेच नेऊन बसवलं. प्रत्येक गोष्ट तिला आता वेगळी दिसत होती, आणि आपल्याला ती आधी दिसली नाही याची तिला लाज वाटत होती.

ती आतल्या खोलीत गेली. नेत्रा अंथरुणावर पुस्तक उघडून बसली होती. विभाने तिला विचारलं, की तू का खोटं बोललीस. नेत्राने जपानीत उत्तर दिलं. बाबांनी सांगितलं होतं, पण मलाही सरळच हवे होते. रविवारी तू लावायचीस ते मी सोमवारी शाळेच्या नळावर धुवून टाकायची. विभाने ऐकून घेतलं. तिला मुलीचा राग धरता येईना, तरी नवऱ्याच्या बोलण्यापेक्षा हे नळाचं जास्त लागलं.

त्यानंतर तीन वर्षं नंदकिशोर दर चार महिन्यांनी नेत्राला घेऊन जात राहिला. विभाने अडवलं नाही. ती दोघं बाहेर पडली की ती ओकामोतो-सानच्या दुकानात जायची. गुडघे दुखायला लागल्यापासून त्या विभाला आठवड्यातले चार दिवस बसवू लागल्या होत्या. बायका यायच्या, आजूबाजूला बघून हळू आवाजात म्हणायच्या की त्यांचेही केस मुळात वळणारे आहेत, पावसाळी दिवसांत फार त्रास होतो. विभा त्यांचा केस बोटावर गुंडाळून बघायची, पाण्याचा थेंब टाकून तो आत जातो की वर राहतो ते बघायची, आणि मग क्रीम जाड द्यायचं की पातळ ते सांगायची. तिचे स्वतःचे आता खांद्यांच्या खाली आले होते. अनोळखी बायका तिचं सगळं ऐकायच्या. घरी केसांविषयी शब्द निघत नव्हता, आणि पुढे पुढे इतर गोष्टींविषयीही कमीच निघू लागला. नंदकिशोरने दोनदा माफी मागितल्यासारखं केलं. "ते मी रागात बोललो," म्हणाला. विभा "बरं" म्हणाली. पण तो हसला की तिला हल्ली त्या हसण्याच्या मागचं ऐकायची सवय लागली होती.

नव्व्याण्णवच्या एप्रिलमध्ये नेत्रा माध्यमिक शाळेत गेली. तिसऱ्याच दिवशी ती कागद घेऊन आली. त्या शाळेत केसांना कुठलंही औषध लावायला मनाई होती, सरळ करायचंसुद्धा. कोणाचे जन्मतः कुरळे असतील तर पालकांनी तसं लिहून सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का मारून द्यायचं. नेत्राच्या मुळाशी बोटभर कुरळे आले होते आणि खाली काठीसारखे सरळ लोंबत होते. ती बराच वेळ आईच्या मागेपुढे करत राहिली. शेवटी मराठीत म्हणाली, "आई, मला दाखवशील?"

विभाने स्टूल आणून मांडलं. सरळ भाग कापायचा, सगळा, आधी नीट विचार कर, असं तिने सांगितलं. नेत्राने मान हलवली. कात्री चालत असताना ती रडली, आणि विभाने तिला रडू दिलं. मग केस ओले केले. मुळाशी टाळू लाल होती, म्हणून तिने त्या दिवशी क्रीम टाळलं, नुसतं जवसाचं पाणी आणि टोकांना तेल लावलं.

"तू अजून रागावलीयेस का माझ्यावर?" नेत्राने आरशातून विचारलं.

"वाईट वाटलं होतं. अजून वाटतं कधी कधी," विभा म्हणाली. "मान खाली कर."

संध्याकाळी नंदकिशोर आला. मुलीकडे बघून त्याने टेबलावरचा कागद ओढला, शिक्का काढला. रकान्यात त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं : मुलीचे केस जन्मतः कुरळे आहेत, आईकडून आलेले आहेत. शिक्का मारून त्याने कागद विभाकडे सरकवला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

विभाने तो दोनदा वाचला. चौदा वर्षांत ही गोष्ट त्याने पहिल्यांदाच कबूल केली होती, आणि तीही शाळेने मागितली म्हणून. तिने कागदाची घडी घालून पाकिटात टाकली आणि नेत्राच्या दप्तरात ठेवली. मग भात लावायला आत गेली.