मोतीराम मास्तरचे समोरचे दोन दात

देवळाली गावातल्या एका वरातीत कुणीतरी घोड्याच्या पायाशी फटाक्यांची लड सोडली. घोड्यानं मान उडवली. नवरदेवासमोर उभा राहून मोतीराम क्लॅरोनेट वाजवत होता. घोड्याचं डोकं क्लॅरोनेटवर आलं आणि क्लॅरोनेट मोतीरामच्या तोंडात घुसलं. वरचे, बरोबर मधले दोन दात गेले. वरात थांबली नाही. त्याला एका ओट्यावर बसवून बाकीचा बँड पुढे गेला.

ही गोष्ट दोन हजार सालची. तोवर मोतीराम हा सहादू शेठच्या बँडचा मास्तर होता. मास्तर म्हणजे जो पुढे चालतो, गाणं उचलतो आणि ज्याच्या मागून बाकीचे येतात. क्लॅरोनेट वाजवणाऱ्याला वरचे दात लागतात. क्लॅरोनेटचं टोक त्या दातांवर टेकवायचं, खालून ओठानं धरायचं, मगच स्वर उभा राहतो. मोतीरामनं हिरडीवर टेकवून पाहिलं. खालचे स्वर कसेबसे आले, वरचे फाटले. सरकारी दवाखान्यातून काढघाल करायचे दात बसवून घेतले, तर एका साखरपुड्यात जोराची फुंक मारताना ते सुटून जिभेवर आले. पोरं हसली. मोतीरामही हसला, कारण न हसता तिथं उभं राहणं अवघड होतं.

बाजूचे दातही त्या धक्क्यानं हलले होते, त्यामुळे त्यांच्या आधारानं नवे बसवता येणार नव्हते. उपाय एकच होता, हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. त्याची किंमत ऐकून मोतीराम दवाखान्याच्या जिन्यातच बसला.

मग सुरू झाली ती वणवण. दातांच्या कॉलेजात शिकाऊ पोरं स्वस्तात काम करायची, पण स्क्रूचं काम तिथं होत नव्हतं. एका धर्मादाय ट्रस्टचे गृहस्थ म्हणाले, "हार्टचं असतं तर बघितलं असतं. दातांवाचून माणूस मरत नाही." मरत नाही हे खरंच होतं.

चाळीत शेजारी रंगनाथ राहायचा. तो नोटांच्या प्रेसमध्ये होता. मोतीरामची बायको छाया त्याला म्हणाली, "भाऊजी, एखादं बंडल चुकून खिशात येऊ द्या की. तुमच्या मास्तरांचं तोंड तरी भरंल."

"वहिनी, तिथं निघताना झडती घेतात. नोटा सोडा, घरनं नेलेला डबा पण उघडून बघतात."

"मग काय उपयोग तुमचा?"

"हेच आमची ही पण म्हणती," रंगनाथ म्हणाला.

शेवटी छायानं बायकांच्या भिशीतला आपला नंबर पुढे ओढून घेतला. त्यासाठी तिला शेजारणीचे टोमणे ऐकावे लागले. तरी पुरेना, तेव्हा मोतीराम शेठकडे गेला. सहादू शेठनं दोन हंगामांची उचल द्यायचं कबूल केलं.

"पण दोन्ही हंगाम माझ्याकडंच. दुसऱ्या कुणाच्या बँडात दिसलास तर बघ."

"शेठ, या तोंडानं मला दुसरं कोण घेतंय?"

"ते पण खरंय," शेठ म्हणाला.

आणि कॉलेज रोडवर एक डॉक्टर सापडली. मृण्मयी नाव, नुकताच दवाखाना टाकलेला. स्क्रूचं काम ती पुण्यात शिकून आली होती, पण नाशकात तिच्याकडे त्यासाठी अजून कुणी आलं नव्हतं. पहिलाच पेशंट म्हणून तिनं आपली फी जवळजवळ सोडून दिली आणि बाकीचे पैसे हप्त्यानं घ्यायचं ठरवलं.

"फक्त एक, काका. स्क्रू हाडात धरायला चार महिने लागतात. तोवर वाजवायचं नाही. एकदासुद्धा नाही."

मोतीरामला ही अट अडचणीची वाटली नाही. त्यानं आधीच हिशेब घातला होता. आषाढी एकादशीला लग्नं बंद होतात, ती तुळशीच्या लग्नानंतर उघडतात. बँडवाल्याचे हे चार महिने असेही भाकड. देवानंच दातांसाठी ठेवल्यासारखे. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी त्यानं स्क्रू आणि त्यावर दिसण्यापुरते तात्पुरते दात बसवून घेतले, आणि गेल्या वर्षभरात पहिल्यांदा तो बाजारातून काही कारण नसताना फिरून आला.

चार महिन्यांच्या मध्ये गणपती असतात हे त्याच्या हिशेबात होतं, पण पुरतं नव्हतं. विसर्जनाच्या आदल्या दिवशी शेठनं निरोप धाडला. मंडळानं वीस माणसांचा बँड ठरवला होता आणि शेठकडे माणसं कमी पडत होती.

"नुसता ड्रेस घालून उभा राहा. क्लॅरोनेट तोंडाला लाव, बोटं हलव. फुंकायचं नाही. लोकांना काय कळतंय?"

बँडात असे दोघेतिघे असतातच. मोतीरामनं आयुष्यभर अशा माणसांची टिंगल केली होती. पण उचल घेतलेली होती. तो गेला.

दुपारी मिरवणूक भद्रकालीतून मेन रोडकडे सरकत होती. गाणं उचलायला पुंजा होता, मोतीरामनंच शिकवलेला. पहिली दोन गाणी त्यानं निभावली. तिसऱ्याला वरच्या पट्टीत जायचं होतं. पुंजा तिथं गेला आणि घसरला. पुन्हा गेला, पुन्हा घसरला. मागून ट्रॉम्बोनवाले गोंधळले. पुढच्या मंडळाचे स्पीकर होते, लोक तिकडे वळायला लागले. मंडळाच्या एका पोरानं शिट्टी मारली. "ए मास्तर, जेवला नाय का?"

शेठनं मोतीरामकडे पाहिलंसुद्धा नाही. पुंजानंही पाहिलं नाही. कुणी त्याला काही म्हटलं असतं, तर कदाचित त्यानं नकार दिला असता.

तात्पुरत्या दातांवर टेकवून त्यानं फुंकलं. वरची जागा उचलून पुंजाच्या हातात द्यायची आणि थांबायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. स्वर स्वच्छ आला. लोक वळले. दुखलं अजिबात नाही. मग त्यानं ते गाणं संपवलं, आणि पुढचंही.

घटस्थापनेच्या सुमारास जिभेला लागलं की एक स्क्रू हलतोय. मग दुसराही. डॉक्टरनं तपासलं, फोटो काढला, बराच वेळ पाहत राहिली.

"काका, वाजवलं होतं का मध्ये?"

"नाही."

"थोडंसंसुद्धा?"

"नाही म्हटलं ना."

हाडानं धरलं नव्हतं, काढावे लागले. पुन्हा बसवायचे तर आधी हाड भरावं लागणार होतं, आणि ते काम तिच्या हातचं नव्हतं, मोतीरामच्या खिशातलंही नव्हतं.

छाया भांडायला गेली. तिला अडवायचं तर खरं सांगावं लागलं असतं; मोतीराम घरात बसून राहिला. ती परतली तेव्हा राग उतरलेला होता.

"पोरगी रडली हो," ती म्हणाली. "म्हणाली, माझंच चुकलं असंल कुठंतरी. राहिलेले हप्ते देऊ नका म्हणाली. तरी मी सोडलं नाय. चार बायकांना सांगितलं, तिच्याकडं जाऊ नका म्हणून."

मोतीरामनं मान हलवली. चहा गार झाला होता, तो तसाच प्याला.

तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त उघडले. पुंजा आता मास्तर होता. शेठनं मोतीरामच्या हातात खुळखुळे दिले, कारण उचल तर फेडायची होती आणि खुळखुळ्यांना दात लागत नाहीत. तो मागच्या रांगेत गेला.

त्या हंगामात एक वरात कॉलेज रोडवरून निघाली. बँडचा आवाज ऐकून डॉक्टर दवाखान्याच्या गॅलरीत आली. तिथं तेव्हा कुणी पेशंट नसावा. ती कठड्यावर वाकली आणि पुढच्या रांगेतल्या क्लॅरोनेटवाल्यांचे चेहरे एकेक करून पाहू लागली. मोतीराम खुळखुळे हलवत, तोंड मिटून, तिच्या खालून गेला. ती अजून पुढेच पाहत होती.