लाल पेन्सिल टेकली ती वेळ

बोईसरच्या कारखान्यात संगणकाची खोली नवी झाली तेव्हा मी तिथे चहा द्यायची, फरशी पुसायची. एकाने लिहिलेला प्रोग्राम कागदावर छापून ट्रेमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्याने तो तपासायचा, अशी तिथली रीत. तपासायला कधी सुरुवात होते ते साहेबांना कळायला हवे होते. त्यांनी वही माझ्याच हाती दिली. कागद ठेवला ती वेळ लिहायची, उचलला ती वेळ लिहायची. चौथी शिकलेल्या बाईवर त्यांनी विश्वास टाकला, याचे मला फार वाटले.

तपासणारे हसायचे. "मावशी, आमची हजेरी घेता काय?" मी मान खाली घालून लिहायची. वही आली तसे ट्रेमध्ये कागद राहीनात. लगेच उचलून जो तो आपल्या टेबलावर टाकायचा.

एक नवी मुलगी प्रोग्राम लिहायला सहा महिन्यांच्या बोलीवर लागली होती. तिचे काम नेहमी उशिरा पुरे व्हायचे. एके दिवशी साहेब वही चाळून म्हणाले, तपासणी तर लगेच सुरू होते, म्हणजे उशीर हिचाच. हिला कायम करता येणार नाही. मी कप गोळा करत होते. त्या मुलीचा कागद कालपासून एका टेबलावर जेवणाच्या डब्याखाली होता.

लहानपणी पालघरच्या बाजारात मी आईशेजारी मासळीच्या पाटीपाशी बसायची. गिऱ्हाईक मासा उचलतेच. पण ताजा आहे का ते कल्ला उघडून बघितले, तरच आई भाव सांगायची. हे ठाऊक असून मी उचलल्याची वेळ लिहीत बसले होते.

पुढचा आठवडाभर तपासणाऱ्याची लाल पेन्सिल कागदावर टेकली की तीही वेळ लिहिली आणि वही साहेबांपुढे ठेवली. हे काय, म्हणून त्यांनी विचारले.

"साहेब, उचलला म्हंजे बघितला नाय."

त्यांनी पाने उलटली. कुठे दुसरा दिवस, कुठे तिसरा.

"मग उशीर त्या मुलीचा नाही?"

"नाय साहेब. माझी वही चुकली."

ते रागावले नाहीत. पट्टी घेऊन त्यांनी पुढच्या पानांवर तिसरा रकाना स्वतः आखून दिला. मुलगी कायम झाली. वहीचे तिला कोणी सांगितले नाही, मीही नाही.

साहेबांचे आभार मानायचे तेव्हा राहिले. तोंडाने जमले नसते, म्हणून इथे लिहिते.