शेऱ्याची एकादशी

मंडळी, आज आईचा लई अभिमान वाटून राह्यला.

आमच्या शेऱ्या कुत्र्याचं पोट दर पंधरा दिवसांनी बिघडायचं. तीनदा औषध बदललं, फरक न्हाई.

आज सकाळी जुन्या जालन्यातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "नेमकं कधी बिघडतं?" मी आईकडं पाह्यलं. चौथी शिकलेल्या आईनं पिशवीतून भिंतीवरचं कॅलेंडरच काढलं! जुलाबाच्या प्रत्येक दिवसावर फुली, अन् प्रत्येक फुली एकादशीच्या दुसऱ्या दिवशी.

"मी खाते तेच त्याला देते," आई म्हणाली. "उपासाला मिरचीची साबुदाणा खिचडी. मंग चूक माझीच की."

डॉक्टर म्हणाले, "मावशी, माझं अर्धं काम तुम्हीच केलं."

आजही एकादशीच आहे. आईनं उपास धरलाय, पण शेऱ्यासाठी भाकरी टाकली. पहिल्यांदाच दोघांचं जेवण वेगळं.

तुमच्या घरचा कुत्रा कुणाचे उपास करून राह्यला?